दोन खण

मिस्त्री नळी जोडून, उतार बघून निघून गेला.
जाळ्या खोक्यातच. जाता जाता म्हणाला,
"काका, एटलुं तमे करी लेजो."

तेवढं मला जमायला हवं.
तीस वर्षं विद्यापीठाच्या रसायनशाळेत
मी काच लावली खुंट्यांवर,
बीकर उलटे, ब्युरेटा उभ्या,
शेवटचं पाणी ऊर्ध्वपातित.
काचेवर एक थेंब जरी अडला
तर पुन्हा पहिल्यापासून.

आधी पांढऱ्या क्लिपा काढल्या,
प्रवासात जाळी हलू नये म्हणून लावलेल्या.
खण ओढला रुळांच्या टोकापर्यंत,
जाळी तिरकी धरून आत उतरवली.
तळाशी पाण्याचा हात असतो, पंख्याच्या पात्यासारखा.
तो बोटाने फिरवून बघावा, कुठे अडता कामा नये,
असं पुस्तिकेत लिहिलंय.
फिरवला. दीड फेरा जाऊन थांबला.

पुस्तिकेतल्या चित्रात सपाट बशा
आणि एका पायावर उभे पेले.
आमची ताटं काठाची,
दोन खुंट्यांमधल्या फटीत शिरत नाहीत.
वाट्या खुंटीवर बसतात
आणि खण लोटला की घरंगळून
थेट पाण्याच्या हातावर.

हेमांगी खुर्चीत. उजवं मनगट पट्ट्यात.
"लग्नापासून नुसते खण देत आलात," म्हणाली,
"हा पहिलाच, जो उघडतो."

डावीकडची रांग आडवी पाडली.
कपांची फळी एक घर खाली घेतली.
मग एकेक भांडं उचलून विचारत राहिलो, हे कुठे?
मला वाटायचं वाटी म्हणजे वाटी.
तर ही भाच्याच्या मुंजीतली,
ही फक्त ताकाची,
ही बुडाशी चेपलेली, "हिला उताराला ठेवा,
नाहीतर पाणी धरून बसते."

उलटी केली की भांडी बोलतात.
बुडाशी, काठाखाली
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं.
चि. सौ. कां., आणि आमची तारीख, त्र्याऐंशीची.
एका ताटलीवर गुजरातीत: शारदाबेन नटुभाई.
"ही आपली नाही."
"आपली त्यांच्याकडे आहे," ती म्हणाली.
दांडिया बाजार सोडून आम्हाला एकोणीस वर्षं झाली.

मग तो पेला.
कु. हेमांगिनी जगदाळे. वक्तृत्व. दुसरी. १९७८.
यातून मी रोज सकाळी पाणी पितो.
"तू भाषणं करायचीस?"
"एकदा केलं होतं."
"कशावर?"
तिने जरा आठवून बघितलं,
की आठवल्यासारखं केलं, कळलं नाही.
"तो कोपऱ्यात घाला. तिथे हलणार नाही."

कोपऱ्यात घातला.
मीठ भरलं, गोत्रीचं बोअरचं पाणी
काचेला पांढरं करतं, हे मला ठाऊक होतं.
तेवढंच.
दोन्ही खण लोटले. आत कुणीतरी
दूरच्या खोलीत कुजबुजावं तसं सुरू झालं.

ओट्यावर कढई उरली.
लोखंड आत चालत नाही,
शिवाय तिचे कान खणाला बंद होऊ देत नव्हते.
हेमांगीने पट्ट्यातल्या हाताकडे पाहिलं,
मी कढईकडे.
मग बाह्या वर केल्या.

"साबण नको. नुसतं गरम पाणी.
पाठ घासा, पाठ.
अहो, गोल नाही, तुमच्याकडे ओढा."
माझी पाठ तिच्याकडे, आणि तिचा आवाज
हळूहळू उंच, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचेलसा.

कढई उजेडात तिरकी धरली.
थेंब होता.
पुन्हा घासली, पुन्हा विसळली,
पुन्हा होता, मण्यासारखा, तिथेच.

"राहू द्या," ती म्हणाली,
"तेल प्यायलेलं लोखंड आहे ते.
त्याच्यावर थेंब राहायचाच."